कामत यांची कसोटी आणि राळेगावचे मूल

व्ही. व्ही. कामत यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनाविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. त्यातील कसोटी टर्मन यांच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने श्रेणीवर आधारलेली असून तिचे प्रमाणीकरण १९३४ च्या सुमारास धारवाडकडील मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांवर झाले होते. परकीय प्रश्नांचे भाषांतर करून भागत नाही, ते येथील मुलांपुढे ठेवून कोणता प्रश्न कोणत्या वयास साजतो हे पाहावे लागते, ही दृष्टी त्या काळी विरळ होती. लाहोरला राइस यांनी १९२९ साली हिंदुस्थानी भाषेत असा प्रयत्न केला होता. मराठीपुरते ह्या कार्यात कामत यांचे स्थान निःसंशय मोठे आहे.

तथापि कोणत्याही मापनाचे मोल ते कोठे व कोणासाठी वापरले जाते ह्यावर ठरते. ह्या कसोटीचा उपयोग त्यानंतर अनेक दशके, मूळ मानकांसकट, होत राहिला. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यातून एखादे मूल जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीस आणले, तर ह्या कसोटीने मिळालेल्या अंकाचा अर्थ काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

पहिला विचार भाषेचा. अंक ऐकून पुन्हा म्हणणे, शब्दांचे अर्थ देणे, दोन वस्तूंतील साम्य सांगणे, विधानातील विसंगती ओळखणे, असे ह्या परंपरेतील बहुतेक प्रश्न शाब्दिक आहेत. वर्धा नदीच्या अलीकडील ह्या कापसाच्या मुलखात घरची बोली वऱ्हाडी. शेताला वावर आणि टोमॅटोला भेदर म्हणणाऱ्या मुलाला परीक्षकाची पुस्तकी मराठी थोडीफार तरी परकी वाटणारच. कोलाम वस्तीतील मुलाची अडचण याहून मूलगामी आहे. कोलामी ही मराठीची बोली नसून द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा होय. एमेनो यांनी वर्धेकडील कोलामीचे सविस्तर वर्णन १९५५ सालीच प्रसिद्ध केले. अशा मुलाने मराठी अंकांची मालिका चुकविली, तर त्याची स्मृती कमी पडली की भाषा, हे त्या चुकीवरून सांगता येत नाही. कसोटी दोन गोष्टी एकदम मोजते आणि दोहोंना एकच नाव देते.

दुसरा विचार काळाचा, आणि त्याची दिशा नेमकी उलट आहे. फ्लिन यांनी १९८४ व १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांवरून असे दिसले की पिढीगणिक मुले जुन्या कसोट्यांवर अधिक गुण मिळवितात. अमेरिकेत ही वाढ दर दशकास सुमारे ३ गुणांची होती. तोच आकडा विदर्भास लावता येणार नाही. पण शाळा, छापील मजकूर व चित्रे यांचा प्रसार जेथे जेथे झाला, तेथे जुनी मानके मुलाला आहे त्याहून वर दाखविण्याचा संभव असतो. म्हणजे परकी भाषा अंक खाली ओढते व जुने मानक तो वर ढकलते. ह्या दोन चुका परस्परांना खोडून काढतील, असे मानण्यास कोणताही आधार नाही. राळेगाव गावातील शाळेत रुळलेल्या मुलाच्या बाबतीत दुसरी चूक प्रबळ ठरेल, पोडावरील मुलाच्या बाबतीत पहिली. एकाला हवी ती मदत नाकारली जाईल आणि दुसऱ्याला नको तो शिक्का बसेल.

तिसरा विचार अगदी साध्या भागाकाराचा आहे. मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणिले की बुद्धिगुणांक मिळतो. ह्यातील अंशाची काळजी सगळे घेतात, छेदाची कोणी घेत नाही. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावण्याची रीत किती सार्वत्रिक होती, हे सर्वांना ठाऊक आहे. मानसिक वय ५ वर्षे असलेल्या मुलाचे वय कागदावर ८ असेल, तर गुणांक सुमारे ६३ येतो. ते मूल वस्तुतः ७ वर्षांचे असेल, तर तोच गुणांक ७१ होतो. जन्मनोंदणी आता पुष्कळ सुधारली आहे; पण जेथे शंका असेल तेथे वयाची शहानिशा हीच मापनाची पहिली पायरी मानली पाहिजे.

६३ आणि ७१ ह्यांतील अंतर कागदी नाही. २००१ च्या शासकीय सूचनांनी ५० ते ६९ ह्या बुद्धिगुणांकास ५० टक्के अक्षमता मानली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशेष लाभांसाठी ४० टक्क्यांची सीमा घातली. जानेवारी २०१८ च्या सूचनांत सामाजिक परिपक्वतेच्या श्रेणीवरील ५५ ते ६९ अंकांस ५० टक्के व ७० ते ८४ अंकांस २५ टक्के अक्षमता धरली गेली. म्हणजे ६९ चे मूल सीमेच्या आत आणि ७० चे बाहेर. आता कसोटीची विश्वसनीयता ०.९ इतकी उत्तम व प्रमाण विचलन १५ धरले, तरी मापनाची प्रमाण त्रुटी सुमारे ४.७ येते. कामत यांच्या कसोटीची विश्वसनीयता ०.७ च्या वर असल्याचे सांगतात, ०.७ ह्या किमान आकड्यास ही त्रुटी ८.२ होते. आठ गुणांनी डळमळणाऱ्या पट्टीवर एका गुणाची सीमारेषा आखणे, हा मापनशास्त्राचा उपयोग नव्हे. तो त्याच्या नावाचा उपयोग होय.

ह्या अडचणींची जाणीव विदर्भात कोणालाच नव्हती, असे मात्र नाही. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात ए. जे. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या १९४९ च्या बालश्रेणीचे भारतीय रूपांतर १९६९ साली सिद्ध केले. त्यात शाब्दिक कसोट्यांच्या जोडीला कृतिकसोट्या होत्या. डॉल यांच्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे नागपुरी रूपांतरही त्यांचेच. ह्या श्रेणीत मुलाला प्रश्न न विचारता ते रोज काय काय करते हे पालकांकडून जाणून घेतात. त्यामुळे भाषेचा अडसर बराच कमी होतो. पण नवा अडसर लगेच उभा राहतो. कोणाच्या मदतीवाचून भात नीट कालविणे, अशी एक कृती त्या रूपांतरात आहे. काट्या-सुरीच्या संस्कृतीतून श्रेणी येथवर आणताना हा बदल योग्यच होता. परंतु राळेगावकडचे जुने मुख्य अन्न ज्वारीची भाकर. वरणात भाकर कुस्करून खाणारे मूल ह्या कृतीत मागे नसते. त्याला ती कृती करण्याचा प्रसंगच कमी येतो. उलट शेळ्या वळून सांजेला सगळ्या मोजून घरी आणणाऱ्या मुलाची हुशारी नोंदविण्यास श्रेणीत रकाना नाही.

ह्यावरून कसोट्या टाकून द्याव्यात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या नसतील तर निर्णय शिक्षकाच्या वा अधिकाऱ्याच्या मतावर जाईल. कामत यांच्या कसोटीचा शिक्षकांच्या अंदाजाशी सहसंबंध सुमारे ०.५ सांगितला जातो. म्हणजे दोहोंत समान अंश चौथा हिस्सा. ह्या आकड्यावरून कसोटी किती चुकली व शिक्षक किती चुकले, हे वेगळे करता येत नाही; एवढे मात्र दिसते की एकाच्या जागी दुसऱ्याला बसविता येणार नाही.

बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली श्रेणी रचली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शोधून विशेष शिक्षण देता यावे म्हणून. तो हेतू स्मरणात ठेवला, तर मार्ग स्पष्ट होतो. प्रमाणपत्रावर एक अंक न लिहिता त्याची त्रुटिमर्यादा लिहावी. सीमेलगतच्या मुलाची दुसऱ्या कसोटीने फेरतपासणी व्हावी. कोलामी वा गोंडी मुलाची परीक्षा ती भाषा जाणणाऱ्याच्या साह्याने घ्यावी. आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नवी मानके तयार व्हावीत. कामत यांनी धारवाडकडे जे परिश्रम केले, ते राळेगावसाठी कोणी पुन्हा करणे, हाच त्यांच्या ग्रंथाचा खरा गौरव ठरेल.