दत्तक शाळेचा जीआर संशोधक म्हणून वाचताना

प्रस्ताव लिहायला बसलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डेटा कुठून आणू?’ माझं उत्तर हल्ली ठरलेलं आहे: आधी शासन निर्णय वाचा. फुकट मिळतो, मराठीत असतो, आणि सरकार काय मोजणार आहे ते त्यात सरकारच्याच शब्दांत सापडतं. आज १८ सप्टेंबर २०२३ चा शालेय शिक्षण विभागाचा जीआर घेऊ. दत्तक शाळा योजना.

कंपनी, संस्था किंवा एखादी व्यक्ती सरकारी शाळा ५ किंवा १० वर्षांसाठी दत्तक घेऊ शकते. रोख पैसे चालत नाहीत, वस्तू किंवा सेवा द्यायच्या. अ आणि ब वर्ग महापालिकेतली शाळा असेल तर ५ वर्षांसाठी २ कोटी, १० वर्षांसाठी ३ कोटी. क वर्गात १ आणि २ कोटी. ड वर्ग महापालिका, नगरपरिषद आणि गावातल्या शाळेसाठी ५० लाख आणि १ कोटी. आणि देणगीदाराची इच्छा असेल तर तेवढ्या काळासाठी त्याने सुचवलेलं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं.

आता भागाकार करा. नाशिक महापालिका ब वर्गात आहे, म्हणजे शहरातली शाळा वर्षाला ४० लाखांना. दहा वर्षांची घेतली तर ३० लाखांना. दिंडोरी किंवा पेठच्या जिल्हा परिषद शाळेचा दर वर्षाला १० लाख, मुदत कुठलीही घ्या. शाळेची गरज मोजून हे आकडे आले असते तर शाळेच्या अवस्थेप्रमाणे बदलले असते. पटसंख्या, गळकं छप्पर, स्वच्छतागृह, काहीतरी निकष दिसला असता. इथे दर बदलतो तो शहराच्या वर्गाप्रमाणे आणि मुदतीप्रमाणे. होर्डिंगचा भावही असाच ठरतो: जागा कुठली, किती दिवस.

मी शाळांना मदत नको म्हणत नाहीये. ज्या मुख्याध्यापकांनी बाकांसाठी दहा दारं झिजवलीत त्यांना हे शहाणपण शिकवायला जाऊ नये. माझा आक्षेप शब्दावर आहे. हा जीआर जिला देणगी म्हणतो, ती देणगी आहे की प्रायोजकत्व?

उत्तर कायद्यात शोधता येतं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. याच कायद्याखालच्या सीएसआर नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आपल्या मालाच्या विक्रीला फायदा व्हावा म्हणून प्रायोजकत्वाने केलेला खर्च सीएसआर धरला जाणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मग पाटीवर पाच वर्षं कंपनीचं नाव राहिलं, तर त्याने विक्रीला फायदा होतो की नाही? ही गोष्ट मोजता येते, म्हणजे तो संशोधनाचा प्रश्न आहे.

नाशिककरांना यातला एक प्रसंग आठवत असेल. जिल्ह्यातली एक शाळा मद्य बनवणाऱ्या कंपनीला दत्तक दिली आणि तिथे गौतमी पाटील यांच्या नृत्याचा कार्यक्रम झाला, हा मुद्दा शरद पवारांनी जाहीरपणे मांडला. मग सगळी चर्चा नाचावरच अडकली. मला ती भरकटलेली वाटते. नाच एका दिवसाचा, नाव पाच वर्षांचं. मद्याची जाहिरात टीव्हीवर दाखवायला १९९४ च्या केबल नियमांनी बंदी आहे. जास्त साखर, मीठ, चरबीच्या पदार्थांची जाहिरात शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत करायला एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. या जीआरच्या दरपत्रकात मात्र वर्गवारी महापालिकेची आहे, देणगीदार काय विकतो त्याची नाही. या कागदांची एकमेकांशी गाठ कुणी घालायची?

परिणाम मोजलेत का कुणी? अमेरिकेत १९९० पासून ‘चॅनेल वन’ने शाळांना टीव्ही संच आणि बाकी सामान दिलं. बदल्यात मुलांना रोज १२ मिनिटांचा कार्यक्रम दाखवायचा, त्यात २ मिनिटं जाहिराती. ग्रीनबर्ग आणि ब्रँड यांनी १९९३ च्या निबंधात बघणाऱ्या आणि न बघणाऱ्या मुलांची तुलना केली. बघणाऱ्यांचं त्या मालाबद्दलचं मत जास्त चांगलं होतं, पण प्रत्यक्ष खरेदीत तसा फरक सापडला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र सांगा. आपल्या बाजूचा तेवढा उचलायची सवय आत्ताच मोडा. त्याच सुमारास मायकल मॉर्गन यांनी दाखवलं की ज्या शाळांकडे पुस्तकांसाठी पैसे कमी, त्यांच्याकडे चॅनेल वन जास्त.

दुसरं उदाहरण घरचं, आणि जास्त अवघड. मुंबईतल्या ७० गरीब वस्त्यांत हात धुण्याच्या मोहिमेची यादृच्छिक चाचणी झाली, निबंध २०१४ चा. ज्या मुलांवर मोहिमेचा भर होता त्यांच्यात अतिसार सुमारे २५ टक्के आणि शाळेतली गैरहजेरी सुमारे २७ टक्के कमी. खर्च युनिलिव्हरचा, लेखकांत कंपनीचे शास्त्रज्ञ. ‘पैसा कंपनीचा म्हणून निष्कर्ष खोटा’ असं म्हणून इथे सुटता येत नाही, कारण आराखडा भक्कम आहे. विचारायचं ते हे: निष्कर्ष आजारपणाचे आणि हजेरीचे आहेत. त्या मुलांच्या घरी पुढे कुठला साबण आला, हा प्रश्न वेगळा आणि तो मोजायची हौस कंपनी आपल्याला दाखवेल असं नाही. पैसे देणाऱ्याचा प्रभाव पुष्कळदा उत्तरात नसतो, प्रश्नाच्या निवडीत असतो.

नाशिकमध्ये हे करायचं तर पहिला सापळा निवडीचा आहे. सीएसआर कायदा कंपनीला आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. आसपास म्हणजे इथे सातपूर, अंबड, सिन्नर. सुरगाण्याच्या पाड्यावर कारखाना नाही. तेव्हा दत्तक आणि बिनदत्तक शाळांचे निकाल नुसते शेजारी ठेवले, तर तुम्ही योजना नाही, औद्योगिक वसाहतीपासूनचं अंतर मोजाल. त्यापेक्षा त्याच शाळेचं आधीचं आणि नंतरचं मोजमाप घ्या, आणि त्याच केंद्रातल्या एका बिनदत्तक शाळेचंही.

साधन फार लागत नाही. पाचवीच्या मुलांना शाळेचं पूर्ण नाव लिहायला सांगा, दहा कंपन्यांची चिन्हं ओळखायला द्या. पालकांची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी मात्र आधी, त्यात महिने जातात. या योजनेतले पाच वर्षांचे करार २०२८ च्या आत काही संपत नाहीत. संपल्यावर पाटी उतरेल. मुलं शाळेला तेव्हा कुठल्या नावाने हाक मारतात हे कळायला हवं असेल, तर नोंदी आत्तापासून ठेवाव्या लागतील.