रुक्मिणीस्वयंवरांतील द्वंद्व आणि पराभूताचा जीव

जुन्या आख्यानकाव्यांतील युद्धवर्णनें म्हणजे ठरीव भरताड, असा समज अभ्यासकांत रूढ आहे. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरापुरता तरी तो टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

स्त्रीच्या हांकेसरशी धांवणारा वीर, वाटेंत पडणारी गांठ आणि हरलेल्याचें काय करावयाचें हा पेंच, एवढाच सांगाडा युरोपांतील भटक्या शिलेदारांच्या अनेक कथांचा असतो. त्यांची थट्टा करणारा सर्व्हांतेसाचा ‘डॉन किहोते’ 1605 सालीं निघाला. त्यांत बिस्केच्या गड्याशीं झुंज चालली असतां, तरवारी उगारलेल्या स्थितींतच कथा तुटते. कारण म्हणे मूळ लेखच तेथें संपला! पुढील भाग ग्रंथकारास तोलेदोच्या बाजारांत, एक मुलगा रेशमाच्या व्यापाऱ्यास जुनीं कागदें विकीत असतां, अरबी वह्यांत सांपडतो. (आमच्या संग्राहकांस हा अनुभव परका वाटूं नये.) अखेर गाडींतील स्त्रिया रदबदली करितात. पराभूतानें दुल्सिनेयापुढें हजर व्हावें या अटीवर जीवदान मिळतें, आणि ही दुल्सिनेया कोण हें न विचारतांच त्या होकार देतात.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) जिल्ह्यांतील पैठणच्या नाथांनीं याच्या 34 वर्षें आधीं, शके 1493 (इ. स. 1571) मध्यें, काशींत आपला ग्रंथ पुरा केला. भागवताच्या दशमस्कंधांतील 52 ते 54 या तीन अध्यायांचे त्यांनीं 18 प्रसंग व 1712 ओव्या केल्या. मूळ कथेंत श्रीकृष्ण रुक्मीचें धनुष्य, घोडे, सारथि, ध्वज, मग तो हातीं घेईल तें तें शस्त्र तोडीत जातो. शेवटीं स्वतः खड्ग उपसतो, तेव्हां रुक्मिणी भावासाठीं पाय धरते. जीव वांचतो, पण वस्त्रानें बांधून, मिशा व केस भादरून रुक्मीची विटंबना होते. येथें कथा वीराची बाजू घेत नाहीं. बलराम येऊन बंधन सोडवितो आणि धाकट्या भावासच बोल लावितो, कीं नातलगास विद्रूप करणें हें त्यास मारण्यासारखेंच. शिलेदारी कथांत विजयी वीरास रणांतच असा जाब सहसा कोणी विचारीत नाहीं. रुक्मीही कुंडिनपुरास न परततां भोजकट वसवितो.

उपवर मुलींकडून याच ग्रंथाचें पारायण करवितात. भावाच्या प्रेतावरून जाणारी वरात त्या घरांत वाचवली नसती.

देवगिरीस रामदेवराव यादवाच्या काळीं नरेंद्रानेंही रुक्मिणीस्वयंवर लिहिलें. दोन्ही परंपरांच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहांत असतील, त्यांनीं ‘युद्धप्रसंग’ म्हणून बाजूस टाकलेलीं सुटीं पानें पुन्हा काढावीं, आणि त्यांत रुक्मिणीची विनवणी कोठें येते हें आधीं पाहावें.