परीकथेचा शेवट आणि संसाराचा काळ : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

परीकथा विवाहापाशी संपते आणि संसार तेथून सुरू होतो, हे विधान आता इतके रुळले आहे की त्याची फोड करण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. तथापि एक वाङ्मयप्रकार जेथे थांबतो तेथूनच दुसरा का सुरू होतो, आणि त्या दोहोंची भाषा भिन्न का असते, हा प्रश्न अद्याप विचारार्ह आहे. प्रस्तुत लेखात तो लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) या ग्रंथाच्या आधारे मांडावयाचा आहे.

प्रथम आपल्याकडील परंपरा पाहू. आटपाट नगराची कहाणी पाश्चात्य परीकथेप्रमाणे विवाहावर संपत नाही. पुष्कळदा ती विवाहानंतरच सुरू होते. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत राजाला चार सुना असतात. तीन आवडत्या, एक नावडती. संसारातील दुःखाची जाणीव कहाणीला आहे, हे यावरून उघड होते. परंतु त्या दुःखाचा निरास ती व्रताच्या फळाने, एका क्षणात करते. नावडती आवडती होते आणि पुन्हा नावडती होण्याची शक्यता उरत नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतही संकटांची मालिका कितीही लांबली तरी नायक-नायिकांचे मीलन ही अखेर ठरलेलीच असते. तात्पर्य, विवाह आरंभी असो वा अंती, अद्भुतकथेला एकच गोष्ट मान्य नसते : जे एकदा मिळाले ते रोज नव्याने मिळवावे लागते, ही.

हा भेद क्रियापदाच्या रूपांतही उतरतो. अद्भुतकथेचा काळ साधा भूतकाळ होय : देव प्रसन्न झाला, राजा आला, लग्न लागले. या रूपाने क्रिया पूर्ण झाल्याचे आणि ती एकदाच घडल्याचे सूचित होते. मराठीत याखेरीज रीतिभूतकाळ आहे. ‘तो जाई’, ‘ती म्हणे’, ‘ते देत’ या रूपांनी क्रिया वारंवार घडत असल्याचा बोध होतो. संसाराचे खरे व्याकरण हे आहे. पती रागावला, ही घटना झाली. पती रागावत असे, हा संसार झाला. ‘स्मृतिचित्रे’त प्रसंग साध्या भूतकाळात रंगतात, परंतु त्या प्रसंगांमागे टिळकांच्या सवयींची एक अखंड पार्श्वभूमी असते. त्यांचा शीघ्रकोप, हातात पैसा न टिकणे, घरी न सांगता निघून जाणे, हे सारे पुनःपुन्हा घडते. वाचकाला हसू येते ते या पुनरावृत्तीमुळे, आणि लक्ष्मीबाईंची सहनशक्तीही तिच्यामुळेच कळते.

येथे आपल्या अध्यापनातील एका दोषाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. या ग्रंथाचा मध्य १८९५ मधील टिळकांच्या धर्मांतरात, त्यानंतरच्या ताटातुटीत आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी घेतलेल्या बाप्तिस्म्यात आहे, असे आपण शिकवतो. विरह, कसोटी, पुनर्मीलन असा त्याचा आराखडा काढतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे वर्गात असेच सांगितले. परंतु हा आराखडा अद्भुतकथेचाच आहे; आपण तो नकळत आत्मकथनावर लादतो. ग्रंथ मात्र त्याला दाद देत नाही. पतिपत्नी एकत्र येतात तेव्हा सोवळ्याचा प्रश्न एका आलिंगनात सुटत नाही. पत्नी आपला स्वयंपाक वेगळा ठेवते आणि अन्नपाण्याची बंधने एकेक करून गळून पडतात. जिच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याने घर वेठीस धरले होते, तिच्या बाबतीत हे परिवर्तन देवळाचे क्षणात सोने व्हावे तसे होणे शक्यच नव्हते. बाप्तिस्म्यानंतरही ग्रंथ पुढे चालू राहतो, आणि टिळकांचा स्वभावही पूर्वीचाच राहतो.

यावर एक आक्षेप संभवतो. १८८० साली झालेला हा विवाह बालविवाह होता. त्यात वधूची निवड नव्हती आणि पुढे सुटण्याचा मार्गही नव्हता. तेव्हा तो टिकला यात कौतुक कसले? आक्षेप रास्त आहे. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या पतीस, पत्नीने त्या कारणास्तव त्याचा त्याग केल्यास, न्यायालयामार्फत विवाह मोडण्याची वाट खुली होती; तशी वाट हिंदू राहिलेल्या पत्नीस नव्हती. घटस्फोटाची तरतूद देशभरातील हिंदूंना १९५५ च्या कायद्याने मिळाली. म्हणून टिकणे हाच विवाहाच्या गुणवत्तेचा पुरावा मानणे चुकीचे ठरेल. टिकलेला प्रत्येक संसार आदर्श समजणे ही दुसरी परीकथा होय. ‘स्मृतिचित्रे’चे मोल टिकण्यात नसून टिकण्याची किंमत उघडपणे मांडण्यात आहे. त्या किमतीचा मोठा वाटा पत्नीने दिला, हे लेखिका तक्रारीचा सूर न लावता, पण काही न लपविता सांगते.

या संदर्भात तिची एक भाषिक निवड अर्थपूर्ण आहे. पतीचे नाव न घेण्याची रूढी असताना, ‘इकडून’, ‘स्वारी’ अशा आडवळणांचा प्रघात असताना, लक्ष्मीबाई निवेदनात पतीचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा करतात. या आडनावात आदर आहे आणि अंतरही आहे. ‘स्वारी’ हा शब्द पतीला आसनावर बसवतो. ‘टिळक’ त्याला समोरच्या खुर्चीवर आणून बसवतो. तेथे बसलेल्या माणसावर हसता येते, रागावता येते, आणि त्याला ओळखताही येते. परीकथेतील राजपुत्राला असे नाव नसते, कारण त्याला ओळखण्याची पाळी कोणावर येत नाही.

हे सर्व लेखन टिळकांच्या १९१९ मधील निधनानंतरचे असल्याने स्मृतीने काही कोपरे गुळगुळीत केले असतील, हे मान्य केले पाहिजे. तथापि केवळ स्मृतीच्या मायेने लिहिणारी लेखणी पतीचे दोष इतक्या तपशिलाने नोंदवती ना. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या स्त्रीला अक्षरओळख विवाहानंतर झाली, तिने कवी असलेल्या पतीचे काव्य शेवटास नेले, ही घटना एखाद्या कहाणीच्या शेवटी शोभली असती. पण तीमागे जवळजवळ चार दशकांचे रोजचे भांडण, रुसवा आणि समजूत आहे. ‘सुफळ संपूर्ण’ हे शब्द कहाणी एकदाच उच्चारते. संसारात ते उच्चारण्याची वेळ येत नाही, आणि आलीच तर ते उच्चारण्यास दोघांपैकी एकच जण मागे उरलेला असतो.