पंचवीस मिनिटांचे भय

'द ट्वायलाइट झोन' ही अमेरिकी मालिका १९६४ साली बंद पडली. पण तिथली एक केबल वाहिनी १९९५ पासून नववर्षाच्या सुमाराला तिचे भाग सलग दाखवत आली आहे, आणि मालिका बंद पडली तेव्हा जन्मालाही न आलेली माणसे घरच्यांना गोळा करून ते पाहत बसतात. संवाद पाठ असतात, शेवट ठाऊक असतो, तरी पाहतात. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रे, नवे नट आणि दुवा म्हणून फक्त एक निवेदक, असा तिचा आणि तिच्यासारख्या इतर मालिकांचा घाट. प्रेक्षकाला सवय लावायला जे लागते, म्हणजे ओळखीचे घर, ओळखीचा नायक, पुढच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवलेला प्रसंग, त्यातले इथे काहीच नाही. तरीही विज्ञानकथा आणि भयकथांच्या या कृष्णधवल मालिकांना पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे चाहते मिळाले.

या चाहत्यांचे ऋण मोठे आहे, ते पुढे सांगेनच. पण त्यांच्या प्रेमाने एक नुकसानही केले आहे. 'सगळ्यांत जबरदस्त शेवट कोणता?' या एकाच प्रश्नाने हे भाग तोलायची रीत त्यांनी पाडली, आणि आजचे निर्माते तीच रीत प्रमाण मानून नवे भाग बनवतात. शेवटची कलाटणी हा या कलेतला सर्वांत सोपा भाग आहे. लेखकाचा कस त्याच्या आधीच्या वीस मिनिटांत लागतो.

'द ट्वायलाइट झोन'चा कर्ता रॉड सर्लिंग न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये वाढला आणि दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढला. 'पॅटर्न्स' (१९५५) आणि 'रिक्विएम फॉर अ हेवीवेट' (१९५६) या दूरचित्रवाणी नाटकांनी त्याचे नाव झाले. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि मारेकरी निर्दोष सुटले. सर्लिंगला त्यावर लिहायचे होते. १९५६ मध्ये 'नून ऑन डूम्सडे' पडद्यावर आले तोवर प्रायोजकाच्या धास्तीने गोष्ट दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडात नेली गेली होती. दक्षिणेची आठवणही नको म्हणून कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा दृश्यातून काढल्या होत्या. दोन वर्षांनी त्याने तोच विषय 'अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट'मध्ये पुन्हा घेतला. या वेळी काळ ऐंशी-नव्वद वर्षे मागे ढकलला गेला आणि बळी गेलेला तरुण मेक्सिकन झाला.

२ ऑक्टोबर १९५९ रोजी सीबीएसवर 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली ती या अनुभवातून. शेजाऱ्याने शेजाऱ्याला ठेचल्याची गोष्ट साबण आणि सिगारेटी विकणाऱ्यांना नको होती. तीच परग्रहवासीयांच्या नावाखाली सांगितली तर कोणाची हरकत नव्हती. मार्च १९६० मधला 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा भाग पाहा. एका टुमदार गल्लीतली वीज जाते. मोटारी सुरू होईनात. एक मुलगा कुठेतरी वाचलेले सांगतो की परग्रहावरचे लोक आधी माणसासारखे दिसणारे एखादे कुटुंब पुढे पाठवतात. एवढे पुरते. मग एकाची गाडी आपोआप सुरू झाली म्हणून त्याच्यावर संशय, दुसरा रात्री उठून आकाशाकडे बघतो म्हणून त्याच्यावर. अंधारातून चालत येणाऱ्या माणसावर गोळी झाडली जाते. तो त्यांचाच शेजारी निघतो. शेवटी टेकडीवर खरोखरचे परग्रहवासी दिसतात. चाहते त्या दृश्याची गोष्ट सांगतात. मला ते दृश्य नसते तरी चालले असते. घामेजलेले, आपलेच बोलणे खरे मानू लागलेले ते चेहरे हीच खरी गोष्ट आहे, आणि ती कम्युनिस्टांच्या संशयाने पछाडलेल्या मॅकार्थीच्या काळाची धग सोसलेल्या माणसाने लिहिली आहे हे दर वाक्याला जाणवते.

१५६ भागांपैकी ९२ सर्लिंगने स्वतः लिहिले. उरलेल्यांत रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स बोमाँट यांचा वाटा मोठा. या तिघांपैकी बोमाँट ३८ व्या वर्षी गेला, सर्लिंग ५० व्या. लेखकाचे नाव घेऊन मालिका ओळखावी, लेखकानेच पडद्यावर येऊन ती सुरू करावी, हे दूरचित्रवाणीवर तेव्हाही दुर्मीळ होते आणि नंतर जवळजवळ संपलेच.

कलाटणीबद्दलचे माझे म्हणणे पटवायला एक भाग शेवटासकट सांगतो. 'आय ऑफ द बिहोल्डर', नोव्हेंबर १९६०. इस्पितळात एक बाई, जॅनेट टायलर, चेहराभर पट्ट्या बांधून पडली आहे. कुरूप म्हणून समाजाने तिला वेगळे काढले आहे. हा अकरावा आणि शेवटचा उपचार. पट्ट्या सुटतात आणि आतून देखणा चेहरा निघतो. डॉक्टर आणि परिचारिका हादरून मागे सरतात, तेव्हा त्यांचे डुकराच्या नाकाचे, वाकड्या ओठांचे चेहरे आपल्याला दिसतात. ज्याला शेवट कळला त्याच्यासाठी भाग संपला, असे मानणाऱ्याने तो पुन्हा पाहावा. दिग्दर्शक डग्लस हेज आणि छायालेखक जॉर्ज क्लेमेन्स यांना जवळजवळ पूर्ण भागभर एकाही डॉक्टरचा वा परिचारिकेचा चेहरा दाखवायचा नव्हता, आणि काही लपवले जात आहे याची शंकाही येऊ द्यायची नव्हती. म्हणून कोणी सावलीत उभे, कोणी पाठमोरे, कोणी पडद्याआड. कॅमेरा हातांवर, सिगारेटच्या धुरावर, खिडकीच्या चौकटीवर रेंगाळतो. हेजने या भूमिकांसाठी नट निवडताना त्यांच्याकडे पाठ करून फक्त आवाज ऐकले, कारण त्याला मायाळू आवाज हवे होते. पट्ट्यांखालची मॅक्सिन स्टुअर्ट तर केवळ आवाज आणि बोटे एवढ्यावर अभिनय करते. पट्ट्या सुटल्यावर दिसते ती डॉना डग्लस. दुसऱ्यांदा पाहताना डॉक्टरचा तो मायाळू आवाजच अंगावर काटा आणतो. माणूस चांगला आहे, रुग्णाची त्याला खरीच कणव आहे, आणि तरी ज्या व्यवस्थेची तो चाकरी करतो ती त्या बाईला वस्तीबाहेर धाडणार आहे. हे पहिल्यांदा पाहताना निसटते. शेवट ठाऊक असल्यावरच ते दिसते.

पैसा कमी होता, वेळही कमी. जाहिराती वगळता जेमतेम पंचवीस मिनिटे. एमजीएमच्या आवारातले जुने सेट, 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटातले उरलेले साहित्य पुन:पुन्हा वापरलेले. मॅथेसनच्या 'द इन्व्हेडर्स'मध्ये ॲग्नेस मूरहेड ही एकटी नटी जवळपास संपूर्ण भाग एकही शब्द न बोलता पेलते. दुसऱ्या वर्षी खर्च वाचवण्यासाठी सहा भाग व्हिडिओ टेपवर चित्रित केले; ते आजही फिकट आणि सपाट दिसतात. बाकीचे ३५ मिमी फिल्मवर असल्यामुळे नव्या प्रतींमध्ये लखलखीत झाले आहेत. चौथ्या वर्षी वाहिनीने भाग तासाभराचे केले, आणि त्या अठरांपैकी बहुतेकांची गत व्हायची तीच झाली. अर्ध्या तासात चपखल बसणारी कल्पना ताणली की प्रेक्षक लेखकाच्या पुढे जाऊन पोहोचतो. पाचव्या वर्षी मालिका पुन्हा अर्ध्या तासावर आली.

तासाभराचा घाट जमवून दाखवला तो 'द आउटर लिमिट्स'ने, आणि चाहत्यांच्या जगाबाहेर तिची दखल फारच कमी घेतली जाते याची मला खंत आहे. एबीसीवर सप्टेंबर १९६३ ते जानेवारी १९६५, एकूण ४९ भाग. लेस्ली स्टीव्हन्सने ती घडवली. पहिल्या वर्षाचा निर्माता जोसेफ स्टेफानो हा हिचकॉकच्या 'सायको'चा पटकथाकार. प्रत्येक भागात एक विचित्र प्राणी हवाच असा त्याचा दंडक होता. मंडळी त्या प्राण्याला 'अस्वल' म्हणत. त्या रबरी अस्वलांना आज हसणारे हसतात. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहावे. छायालेखक होता कॉनरॅड हॉल, पुढे तीन ऑस्कर मिळवणारा. त्याच्या अंधाराला पोत आहे. भिंतीवरच्या ओलीसारखा तो दृश्यात पसरत जातो. 'द आर्किटेक्ट्स ऑफ फिअर'मध्ये काही शास्त्रज्ञ जगाला युद्धापासून परावृत्त करण्यासाठी आपल्यातल्याच एकाचे शस्त्रक्रियेने परग्रहवासीयात रूपांतर करतात. हे ओंगळ आहे, दुःखद आहे, आणि त्या माणसाच्या बायकोच्या वाट्याला आलेल्या दृश्यांमुळे ती प्रेमकथाही आहे. दुसऱ्या वर्षी स्टेफानो बाहेर पडला, मालिका शनिवारी जॅकी ग्लीसनच्या लोकप्रिय कार्यक्रमासमोर टाकली गेली आणि सतरा भागांत गुंडाळली. त्याच पडत्या काळात हार्लन एलिसनने 'डेमन विथ अ ग्लास हँड' लिहिला. लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगमध्ये अडकलेला माणूस, त्याचा काचेचा बोलका हात, आणि त्या हाताची हरवलेली तीन बोटे. एका इमारतीत आणि मोजक्या नटांत साऱ्या मानवजातीचे भवितव्य मावते. माझ्या मते या प्रकारातला तो सर्वोत्तम तास आहे.

बोरिस कार्लॉफने सादर केलेली 'थ्रिलर' (१९६०-६२) अधिक ओबडधोबड. तिचे गुन्हेकथांचे भाग विसरावेत, पण 'पिजन्स फ्रॉम हेल'सारख्या भयकथा दिवा लावून पाहाव्यात.

आता चाहत्यांचे ऋण. मालिका संपल्यावर सर्लिंगने आपला हक्काचा वाटा सीबीएसला विकून टाकला. खर्चही निघणार नाही असा त्याचा समज होता. पुढे स्थानिक केंद्रांवर त्याच भागांची पुनःप्रक्षेपणे वर्षानुवर्षे चालली आणि त्यांवर एक पिढी वाढली. त्या पिढीतल्या मार्क स्कॉट झिक्रीने लेखक, तंत्रज्ञ, नट यांना गाठून १९८२ मध्ये भागवार ग्रंथ काढला. डेव्हिड शो आणि जेफ्री फ्रेंट्झन यांनी १९८६ मध्ये 'द आउटर लिमिट्स'साठी तेच केले. आवाजावरून नट निवडल्याच्या कथा आज आपल्याला ठाऊक आहेत त्या अशा वेड्या प्रेमामुळे. विद्यापीठांनी आणि वाहिन्यांनी तेव्हा या गोष्टींना कवडीची किंमत दिली नव्हती. सर्लिंगच्या पुढच्या 'नाइट गॅलरी' (१९७०-७३) या मालिकेचे काय झाले ते पाहिले की हे कळते. पुनःप्रक्षेपणासाठी तिचे भाग तोडून अर्ध्या तासाचे केले आणि 'द सिक्स्थ सेन्स' या भलत्याच मालिकेचे तुकडे त्यात भरले. ब्रिटनमध्ये तर याहून वाईट घडले. आयरीन शुबिकने उभी केलेली बीबीसीची 'आउट ऑफ द अननोन' (१९६५-७१) ही गंभीर विज्ञानकथांची मालिका. तिच्या ४९ भागांपैकी पूर्ण स्वरूपात २० उरले. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची तिथे पद्धत होती. ई. एम. फॉर्स्टरच्या कथेवरचा 'द मशीन स्टॉप्स' वाचला, हे नशीब.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न बरेच झाले. १९८५ ची 'द ट्वायलाइट झोन' त्यांत उजवी, कारण तिने लेखकांना वाव दिला. तिच्यात स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेवरचा भाग आहे, पटकथा एलिसनची: आजारी, अगडबंब आजीपाशी एकटा राहिलेला मुलगा. मराठी वाचकाला ही आजी नारायण धारपांकडून आधीच माहीत आहे. किंगच्या याच कथेवरून त्यांनी 'आजी' लिहिली, आणि राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मधल्या (२०१८) आजीचे मूळ तिथेच आहे. किंगची कथा, अमेरिकी वाहिनी, मराठी कथा आणि हिंदी चित्रपट यांतून ही आजी फिरली. दर ठिकाणी तिचे घर वेगळे आणि भीती मात्र तीच. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी' ही मालिकाही याच घाटाची. गोष्ट एका बैठकीत संपली पाहिजे हे मतकरींना पक्के कळलेले होते.

जॉर्डन पीलने २०१९ मध्ये सादर केलेल्या 'द ट्वायलाइट झोन'च्या नव्या आवृत्तीत नेमके हेच हरवले. हेतू प्रामाणिक होता, वंशद्वेषावर उघड बोलण्याची मोकळीक होती, पैसा होता. तरी बहुतेक भाग लांबले, आणि सर्लिंगला जे आडून सांगावे लागले ते इथे पात्रे तोंडाने बोलून दाखवू लागली. दोन वर्षांत मालिका आटोपली. चार्ली ब्रुकरची 'ब्लॅक मिरर' आज या प्रकारातली सर्वांत चर्चेतली मालिका. २०११ मध्ये ती तीन भागांनी सुरू झाली तेव्हा तिच्यात जुनी धार होती. पुढे 'हेटेड इन द नेशन' हा एकच भाग जवळपास दीड तासाचा झाला. 'सॅन जुनिपेरो'सारखा अपवाद सोडला तर तिचे अलीकडचे भाग कलाटणीच्या आशेवर प्रेक्षकाला बसवून ठेवतात. वाहिन्यांना आता मिनिटांचे बंधन उरलेले नाही, आणि लेखकाला कापायला लावणारे कोणी नाही. या कलेची आजची अवस्था मला यामुळे चिंतेची वाटते. कल्पनांना तोटा नाही, तंत्र तर कितीतरी पुढे गेले आहे. संपादन मात्र ढिले पडले आहे.

ज्यांनी यातले काहीच पाहिलेले नाही त्यांना एक विनंती. उत्कृष्ट शेवटांच्या याद्या धुंडाळू नका. 'द ट्वायलाइट झोन'चे पहिले वर्ष क्रमाने पाहा, चांगल्या-वाईटासकट. त्यातला 'वॉकिंग डिस्टन्स' चुकवू नका: धावपळीला विटलेला एक माणूस आपल्या बालपणीच्या गावात पोहोचतो. भीती नाही, धक्का नाही, फक्त बर्नार्ड हर्मनचे संगीत आणि जत्रेतला फिरता पाळणा. नंतर 'द आउटर लिमिट्स'कडे वळा, मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर आणि खोलीत अंधार करून. हॉलचे छायाचित्रण त्याशिवाय दिसत नाही.