बटणावरचा ओरखडा

भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची पाण्याची भांडारं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. वाशिंदच्या आसपास मग बोअरच्या गाड्या फिरू लागतात. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, त्याखाली काळा कातळ. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा बिटवर आदळतो, बिट फिरत राहतं, करडी भुकटी उडते. भुकटी कधी ओली होते याकडे सगळ्यांचे डोळे; माझे बिटच्या तोंडावरच्या, दगड फोडणाऱ्या बटणांकडे.

बटण पोलादाचं नसतं. टंग्स्टन कार्बाइडचे काही मायक्रॉनचे कण आणि त्यांना धरून ठेवायला वजनाने शेकडा ६ ते १० कोबाल्ट, असं मिश्रण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून ते घडवतात. १९२३ साली ओस्राम या दिव्यांच्या कंपनीतल्या कार्ल श्रोटर यांनी याचं पेटंट घेतलं, तेही दिव्यातली तार ओढायच्या डायसाठी. पुढे क्रुप कंपनीने ‘विडिया’ नावाने ते बाजारात आणलं. आपल्याकडचे जुने टर्नर अजून कार्बाइडच्या कुठल्याही टिपेला विडियाच म्हणतात.

या मिश्रणाची खरी गंमत ओरखड्यात आहे. पॉलिश केलेल्या तुकड्यावर हिऱ्याचं टोक दाबून ओढायचं आणि ती रेघ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वाचायची. पहिल्यांदा हलतो तो कोबाल्ट. कणांच्या फटीतून पिळून वर येतो. मग दिसतं ते मला सगळ्यात आवडतं: कार्बाइडच्या कणाच्या अंगावर बारीक, समांतर रेषा. सिरॅमिक म्हणजे फुटणारच, हा आपला समज. इथे स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकलेत, कण न फुटता वाकलाय! शेजारचा कण मात्र कोराच. त्याची दुसरी बाजू वर आलेली असते, आणि या स्फटिकाची एक बाजू दुसरीपेक्षा जवळजवळ दुप्पट कठीण. दाब वाढला की कण तडकतात, पण तुकडे लगेच सांडत नाहीत. कोबाल्ट त्यांना धरून ठेवतो, तड्याच्या दोन काठांमध्ये ताणून राहतो. तोच झिजून गेला की कण निखळतो आणि मागे खळगा उरतो.

कातळातल्या गारगोट्या ओरखड्याचं हेच काम सावकाश करतात. पण कमी झिजवणारा खडक जास्त दगाबाज, असं माझं मत. झीज होत नाही म्हणून तापण्या-निवण्याने पडलेल्या बारीक भेगा पृष्ठभागावरच साठत जातात आणि बटणावर सापाच्या कातीसारखी जाळी उमटते. जाणता ड्रिलर अशी बटणं वरून चांगली दिसली तरी ग्राइंडरवर घासून घेतो, भेगांचा थर उडवतो. कंटाळा केला तर बटणाचा टवका उडतो. तो भोकातच पडला, तर उरलेल्या बटणांची गाठ कातळाआधी त्या कार्बाइडशी पडते.