इ. स. १९०० : ‘छत्तीसगढ मित्र’ आणि दोन भाषांमधील वाङ्मयव्यवहार

एखादे वर्ष वाङ्मयेतिहासाचे एकक मानले की, त्यातील घटना कोणत्या भाषेच्या खात्यावर मांडावयाच्या, हा प्रश्न उपस्थित होतो. या दृष्टीने इ. स. १९०० हे वर्ष विचारार्ह आहे. त्याच्या जानेवारीत अलाहाबादेहून ‘सरस्वती’ आणि पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ ही हिंदी मासिके निघाली. एप्रिलमध्ये वायव्य प्रांताच्या न्यायालयांत नागरी लिपीला मान्यता मिळाली. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मराठीभाषकांचे महत्त्वाचे लेखन मराठीबाहेरही घडत होते.

‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक, रायपूरचे वामन बळीराम लाखे, हे तिघेही मराठीभाषक. १९०२ अखेर बंद पडलेल्या या मासिकाने हिंदीत गंभीर ग्रंथपरीक्षणाचा पाया घातला, असे मानले जाते. मराठीत ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) आणि ‘निबंधमाला’ (१८७४) यांनी परीक्षणाची प्रथा आधीच रुजविली होती. तथापि, साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. परीक्षणांतील निकष व परिभाषा ताडून पाहिल्याशिवाय तो सिद्ध होत नाही.

सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा याच मासिकात १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती हिंदीतील पहिली कथा होय काय, या वादात तिचा आशय झाकोळला जातो. जमीनदार विधवेची झोपडी न्यायालयाच्या मार्गाने मिळवितो. पण तिने नात जेवावी म्हणून चुलीसाठी मागितलेली टोपलीभर माती त्याला उचलवत नाही. कायद्याने वैध ठरलेला अन्याय येथे विवेकापुढे हरतो. हा शेवट सुधारकी आशावादाचा आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे : जमीनदाराचे मन बदलते, व्यवस्था बदलत नाही. रायपूरलगतच्या, आज औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उरल्यातील वाचकाला जमिनीच्या मालकीचा हा प्रश्न जुना वाटण्याचे कारण नाही.

‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ यांचे हिंदी अनुवादक एवढीच सप्रे यांची नोंद मराठीला अपुरी आहे. त्यांना मराठीत परत आणणे हा येथे हेतू नव्हे. एका भाषेत घडलेली दृष्टी दुसऱ्या भाषेत कशी कार्य करते, हे पाहणे हे तौलनिक अभ्यासाचे खरे क्षेत्र आहे.