आधी कलन की आधी भौतिकी?

जालना जिल्ह्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाच्या वर्गात येतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन अपरिचित भाषा एकदमच उभ्या राहतात. एक इंग्रजी आणि दुसरी कलनशास्त्राची. पहिलीविषयी पुष्कळ बोलले जाते; दुसरीविषयी येथे विचार करू.

बालभारतीने २०१९ साली अकरावीची नवी पुस्तके आणली. भौतिकीच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. त्यात सदिशांबरोबर अवकलन व समाकलन, म्हणजे वर्गातल्या भाषेत डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन, यांची ओळख आहे. गणिताच्या पुस्तकात मात्र अवकलन येते ते दुसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात. पुढे २०२० च्या बारावीच्या पुस्तकांतही तेच. भौतिकीच्या पहिल्याच प्रकरणात कड्याचे व चकतीचे मोमेंट ऑफ इनर्शिया काढायला समाकलन लागते. गणितात ते दुसऱ्या भागात येते. शिवाय जीवशास्त्र घेऊन गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यांना तर ते गणिताच्या तासाला कधीच भेटत नाही.

ही उणीव लेखकांनी ओळखली, हे चांगलेच केले. पण थोड्या पानांत नियमांची यादी देऊन कलन समजत नाही. विद्यार्थी सूत्रे पाठ करतो, गुणही मिळवतो. परंतु आपण काय केले हे त्याला सांगता येत नाही.

मग भौतिकी थांबवून आधी कलन शिकवावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूचा नियम मांडला तेव्हा कलनशास्त्र जन्मलेही नव्हते. आपल्याकडे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला, तो आकाशातील गती मोजण्याच्या गरजेतून. गतीच्या प्रश्नातून ही कल्पना उगवली. वर्गातही ती तशीच उगवू द्यावी.

एक उदाहरण घ्या. मोसंबीच्या बागेतल्या खोल विहिरीत दगड सोडला. गुरुत्वत्वरण १० मानले, तर तो t सेकंदांत ५t² मीटर पडतो. एक सेकंद झाला त्या क्षणी त्याचा वेग किती? १ ते २ सेकंदांत तो १५ मीटर पडतो. सरासरी वेग १५. १ ते १.१ सेकंदांत १.०५ मीटर, सरासरी १०.५. १ ते १.०१ सेकंदांत ०.१००५ मीटर, सरासरी १०.०५. आकडे १० कडे सरकताना मुलांना स्वतः दिसतात. हेच अवकलन! फक्त नाव नंतर द्यायचे. तसेच वेग-काल आलेखाखालील चौकोन मोजले की समाकलनाचा अर्थ हाती येतो.

अर्थात ही युक्ती सगळीकडे पुरत नाही. तापमान स्थिर ठेवून वायू प्रसरण पावतो तेव्हाचे कार्य चौकोन मोजून अंदाजाने मिळेल, पण त्यातला लॉगॅरिथम कोठून आला हे समाकलनाशिवाय कळणार नाही. सरल हरात्मक गतीचे समीकरण वर्तुळाच्या साह्याने समजावता येते. ते सोडवायचे तर कलनच हवे. म्हणजे कल्पना भौतिकीच्या तासाला आणि तंत्र गणिताच्या तासाला, अशी वाटणी करता येईल. मात्र त्यासाठी दोन्ही तास एकमेकांच्या जवळ यायला हवेत.

पाठ्यक्रमाची मांडणी शिक्षकांच्या हाती नसते. पण भौतिकीच्या व गणिताच्या शिक्षकांनी वर्षाच्या आरंभी एकत्र बसून प्रकरणांचा क्रम जुळवणे अनेक ठिकाणी शक्य आहे. त्याला खर्च येत नाही. तेवढेही झाले नाही, तर मंठ्याची किंवा भोकरदनची एखादी हुशार मुलगी पहिल्या सहामाहीतच ‘मला भौतिकी जमत नाही’ असे ठरवून मोकळी होईल. वास्तविक तिला न जमलेली गोष्ट भौतिकी नसते. ती कोणी तिला शिकवलेलीच नसते.